परभणीचा उन्हाळा आणि मुलांचे मधल्या वेळचे खाणे

सकाळचे अकरा वाजले की परभणी जिल्ह्यातील गावांचे रस्ते ओस पडू लागतात. मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे येथे नवलाचे मानले जात नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या पात्रांत ठिकठिकाणी पाण्याऐवजी वाळूच दिसते. शेतातील कामे पहाटे सुरू होऊन ऊन तापण्यापूर्वी आटोपतात आणि मोठी माणसे दुपारभर सावलीला आडवी होतात. मुले मात्र आडवी होत नाहीत. लिंबाच्या झाडाखाली गोट्यांचा डाव मांडावा, कुणाच्या तरी आमराईत कैऱ्या पाडाव्यात, आणि चार वाजता घामाघूम होऊन घरात शिरताच एकच प्रश्न करावा : खायला काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांतून दोनच प्रकारे मिळते. एक म्हणजे कपभर चहा आणि त्यात बुडवून खाण्यासाठी टोस्ट अथवा खारी. दुसरे म्हणजे हातावर ठेवलेले पाच-दहा रुपये. त्या पैशांतून कोपऱ्यावरच्या दुकानातील कुरकुरीत पदार्थांची रंगीत पुडी, प्लॅस्टिकच्या नळीत गोठविलेले गोड पाणी किंवा गाड्यावरील बर्फाचा गोळा येतो. मूल काही वेळ गप्प होते, आईलाही विसावा मिळतो. रात्री मात्र ते जेवणाच्या ताटावर बसून अर्धी भाकरी टाकून उठते. "उन्हाळ्यात पोरांची भूकच मरते," असे मग घरोघरी ऐकू येते. उन्हाने भूक काहीशी मंदावते हे खरे आहे. परंतु ती मरण्याचे निम्मे कारण दुपारच्या त्या पुडीत असते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

मधल्या वेळचे खाणे म्हणजे मुलांचे लाड, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाचे पोट लहान असते आणि त्याची गरज मात्र त्या मानाने मोठी असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरविलेल्या प्रमाणानुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,३६० उष्मांक, तर सात ते नऊ वर्षांच्या मुलाला सुमारे १,७०० उष्मांक लागतात. दोन वेळच्या जेवणात एवढे अन्न त्याच्या पोटात मावत नाही. म्हणून दुपारचे खाणे हा जेवणाचाच एक भाग समजावयास हवा.

सुट्टीतील पोकळी

वर्षाचे इतर महिने हा भाग शाळा सांभाळते. शालेय पोषण आहार योजनेचे, जिला २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असे नाव मिळाले आहे, प्रमाण ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्याला रोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. खिचडी, उसळ, आमटी-भात अशा रूपाने ती मुलांच्या ताटात पडतात. मे महिन्याच्या प्रारंभी शाळेला कुलूप लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत हे ताट बंद राहते. सहा वर्षांखालील मुलांना अंगणवाडीचा आधार असतो. पहिलीत गेलेल्या मुलाला तोही उरत नाही. ऊसतोडणी संपवून याच सुमारास गावी परतलेल्या कुटुंबांत घडी पुन्हा बसावयाची असते. तेथे दुपारी चूल पेटेलच असे नाही.

दुष्काळाच्या वर्षी ही पोकळी अधिक बोचते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये, दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही शाळेतील आहार चालू ठेवावा, असा आदेश दिला तो याच कारणाने. एरवीच्या वर्षी मात्र त्या चाळीस-पंचेचाळीस दुपारी घरावरच येऊन पडतात.

घरातील दुपार किती महत्त्वाची आहे हे आणखी एका आकड्यावरून कळते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीपेक्षा हा आकडा वाढलेला आहे. ही मुले आणखी एक-दोन वर्षांनी शाळेत येतात आणि तो उणेपणा सोबत घेऊनच येतात. अशा मुलाला दुपारी कोरा वा दुधाचा चहा देणे म्हणजे दुहेरी तोटा होय. चहाने भूक तेवढी दबते, आणि त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा येतो. लहान मुलांचा चहा बंद करणे हा या लेखातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. कदाचित सर्वांत अवघडही तोच असेल.

जुनी आठवण

मुलांना कोरडा, टिकाऊ व पौष्टिक खाऊ द्यावा ही कल्पना या भागाला नवी नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खोदणाऱ्या मजुरांना व त्यांच्या मुलांना दुष्काळी कामांवर 'सुकडी' वाटली जात असे. ते गोडसर, भुरभुरीत पौष्टिक पीठ ओंजळीत घेऊन खाल्ल्याचे आज साठी ओलांडलेली अनेक माणसे सांगतात. त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. या विद्यापीठाच्या कामात ज्वारीला प्रारंभापासून मोठे स्थान आहे. ज्वारीचा व मुलांच्या खाऊचा संबंध काय, असा प्रश्न येथे पडणे साहजिक आहे.

संबंध असा, की रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. उन्हाळी सुट्टी लागते तेव्हा नवी ज्वारी नुकतीच कणगीत वा पोत्यांत आलेली असते. टपोऱ्या, मोत्यासारख्या दाण्याची 'परभणी मोती' ही विद्यापीठाची जात २००२ पासून शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. त्यानंतर २०१८ मध्ये हैदराबादजवळील 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' ही लोह व जस्त अधिक असलेली जात प्रसारित करण्यात आली. सामान्य ज्वारीच्या किलोभर दाण्यात सुमारे ३० मिलिग्रॅम लोह असते, तर या जातीत ते ४२ मिलिग्रॅमपर्यंत आढळते. हिशेब प्रामाणिकपणे मांडावयाचा तर तीस ग्रॅम पिठामागे हा फरक अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी पडतो, आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाची रोजची गरज १५ मिलिग्रॅम आहे. एका पदार्थाने रक्तक्षय जात नाही. पण ज्वारी रोज दोन-तीन वेळा पोटात जाते, म्हणून तिच्यातील थोड्याशा वाढीलाही अर्थ आहे.

अडचण वेगळीच आहे. सोयाबीन व कापूस यांनी शेते व्यापली, स्वस्त धान्य दुकानातून मुख्यतः गहू व तांदूळ घरात येऊ लागले आणि ज्वारी मागे सरली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. शहरांतील दुकानांत ज्वारीची बिस्किटे सुबक वेष्टनांत दिसू लागली. पिकविणाऱ्याच्या घरातले मूल मात्र मैद्याची खारी खात आहे, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

लाह्या, लाह्यांचे पीठ आणि आंबील

ज्वारीच्या लाह्या नागपंचमीला घरोघरी लागतात, म्हणून त्या श्रावणातल्याच अशी अनेकांची समजूत आहे. वास्तविक, कोरड्या हवेत लाह्या चांगल्या टिकतात, आणि परभणीच्या मे महिन्याइतकी कोरडी हवा दुसरी कोणती? लाह्यांसाठी चांगली फुलणारी ज्वारी निवडावी लागते. भाकरीची प्रत्येक ज्वारी फुलेलच असे नाही. दाणे काही मिनिटे गरम पाण्यात ठेवून निथळावेत, रात्रभर फडक्यात बांधून ठेवावेत आणि सकाळी सावलीत थोडे कोरडे करावेत. नंतर लोखंडी कढई चांगली तापवून मूठ-मूठ दाणे टाकावेत व फडक्याच्या बोळ्याने हलवावेत. दाण्याच्या पोटातील ओलावा वाफ होऊन बाहेर पडू पाहतो, टरफल फुटते आणि लाही उमलते. कढई पुरेशी तापली नसेल तर दाणे नुसते भाजून निघतात. अर्थात, असे गणंग दळून टाकले की तेही वाया जात नाहीत. गावात भडभुंज्याची भट्टी असेल तर हा सारा खटाटोप वाचतो.

लाह्यांत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, चिमूटभर मीठ, थोडे तिखट व फोडणी घातली की चिवडा होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात तो दहा-पंधरा दिवस राहतो. मुलांना तो स्वतःच्या हाताने घेता येतो, ही सोय लहान नाही. आई शेतात वा कामावर असताना हाच डबा घर सांभाळतो.

याहून सोपे, आणि भर दुपारी अधिक मानवणारे, म्हणजे लाह्यांचे पीठ. लाह्या दळून किंवा कुटून ठेवाव्यात. आयत्या वेळी ते पीठ ताकात कालवावे, मीठ, जिरेपूड व असल्यास कोथिंबीर घालावी. चूल पेटवावी लागत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला मराठवाड्यात हे पीठ पूर्वापार देतात. निरोगी मुलाने ते खाऊ नये असा काही नियम नाही, पण पथ्याचे म्हणून नाव पडल्यामुळे ते मागे पडले असावे.

आंबील हा या कुळातील थोर पदार्थ होय. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावास्येला शेतात तिचा मान असतो, म्हणजे ऐन थंडीत. तरीही तिचे खरे गुण उन्हाळ्यात कळतात. दोन-तीन मोठे चमचे ज्वारीचे पीठ संध्याकाळी ताकात व पाण्यात सरसरीत कालवून मातीच्या, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवावे. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवणे धोक्याचे असते. सकाळी उकळत्या पाण्यात ते हळूहळू ओतून, गुठळी होऊ न देता, चांगले शिजवावे. निवाल्यावर ताक, ठेचलेला लसूण, जिरे व मीठ घालावे. आंबविण्याच्या क्रियेत धान्यातील फायटेट हा घटक काही अंशी विघटित होतो. तो लोह व जस्त यांना बांधून ठेवतो. त्याचे प्रमाण घटले की तीच ज्वारी अंगी अधिक लागते. आजीला फायटेट ठाऊक नव्हते, पीठ आंबविणे मात्र ठाऊक होते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. थंडीत पीठ आंबण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढा उन्हाळ्यात लागत नाही. मे महिन्यात आठ-दहा तास पुरे होतात. शिजविलेली आंबील त्याच दिवशी संपवावी. आणि ताक करताना मिसळलेले पाणी शिजत नसल्यामुळे ते उकळून निवविलेले असावे. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावांनी ही दक्षता मुळीच विसरू नये.

शाळेच्या ताटाची बरोबरी

आता जमाखर्च मांडून पाहता येईल. तीस ग्रॅम फुटाणे, वीस ग्रॅम शेंगदाणे आणि पंधरा ग्रॅम गुळाचा खडा यांतून सुमारे २८० उष्मांक व ११ ते १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. तीस ग्रॅम पिठाच्या ताकातल्या आंबिलीतून आणखी सव्वाशेच्या आसपास उष्मांक व तीन-चार ग्रॅम प्रथिने येतात. एकूण चारशेच्या घरात उष्मांक आणि १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेत ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावयाची असतात. प्रथिनांच्या बाबतीत घर शाळेच्या पुढे जाते. उष्मांकांत जी थोडी तूट राहते ती पाव भाकरी किंवा एखाद्या धपाट्याच्या तुकड्याने भरून निघते. ज्वारीच्या पिठात बेसन, कांदा, तिखट व दही घालून केलेला धपाटा प्रवासातही दिवसभर चांगला राहतो, हे मराठवाड्यात सांगण्याची गरज नाही.

या जमाखर्चात एक गोष्ट कमी आहे, ती म्हणजे 'क' जीवनसत्त्व. ते धान्यात व भाजलेल्या दाण्यांत नसल्यासारखेच असते, आणि डाळी-धान्यांतील लोह शोषले जाण्यास तर त्याची मदत लागते. उन्हाळ्याने त्याची सोय झाडावरच करून ठेवली आहे. चैत्रातील हळदीकुंकवाला केली जाणारी कैरीची डाळ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कच्ची कैरी, वरून फोडणी. डाळीतून प्रथिने व लोह, कैरीतून 'क' जीवनसत्त्व, आणि शिजविणे नसल्याने त्याची नासाडीही नाही. डाळ स्वच्छ पाण्यात भिजवावी आणि वाटून ठेवून न देता लगेच खावी, एवढे पथ्य पुरे. हळदीकुंकू झाले म्हणून डाळ बंद करण्याचे कारण नाही. मोड आलेल्या मुगावर लिंबू पिळणे, फुटाण्यांबरोबर कैरीची फोड देणे, हे त्याचेच सोपे प्रकार होत. दिवसभर डाव मांडणाऱ्या मुलांना कैरी देण्याचा प्रश्न उद्भवत नाही, ती ती आधीच पाडून आलेली असतात. सोबत दाणे कसे जातील एवढेच पाहावयाचे.

टरबूज आणि खरबूज यांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर ती तहानेची फळे आहेत, भुकेची नव्हेत. पोटभर टरबूज खाल्लेले मूल तासाभरात पुन्हा भुकेले होते आणि तसे होणे योग्यच आहे. मात्र रस्त्याकडेला कापून उघड्यावर मांडलेल्या फोडी घेण्यापेक्षा अख्खे फळ घरी आणून कापावे.

गूळ, साखर आणि बर्फ

गुळाविषयी आपल्याकडे अपार श्रद्धा आहे. त्यात थोडे लोह असते हे खरे, परंतु मूल जेवढा गूळ खाते तेवढ्यातून मिळणारे लोह अल्पच. शेवटी गूळ ही साखरच होय. दिवसभराच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून अधिक वरच्या साखरेतून येऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविले. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ४० ग्रॅम होते. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत तीस ग्रॅमहून अधिक साखर असते. म्हणजे एका बाटलीतच दिवसाचा बहुतेक वाटा संपतो, पोटात दुसरे काहीही न पडता. शेंगदाण्याच्या चिक्कीतही साखर वा गूळ असतोच, फक्त त्याबरोबर दाणेही येतात. पन्ह्यात गूळ बेताने व मीठ आठवणीने घालावे.

बर्फाच्या गोळ्याला मुलांपासून तोडणे कोणालाच जमलेले नाही. निदान बर्फ कोठला आहे एवढे तरी पाहावे. मासळी व इतर वस्तू थंड ठेवण्यासाठी वापरला जाणारा बर्फ खाण्याचा नव्हे. तो ओळखू यावा म्हणून त्यात निळसर रंग मिसळण्याचे निर्देश २०१८ मध्ये देण्यात आले. तथापि लाल-हिरव्या सरबताखाली बर्फाचा मूळ रंग दिसणे कठीण, हेही मान्य करावे लागेल.

दूषित बर्फ वा पाण्याने जुलाब सुरू झाल्यास जलसंजीवनीचे पाकीट त्यावर छापलेल्या मापाएवढ्या पाण्यातच विरघळवून घोट-घोट द्यावे. काही पाकिटे एक लिटरची, तर काही पेलाभर पाण्याची असतात. त्यांची गल्लत होऊ नये. आंबील वा ताक अशा वेळी जोडीला चालते, जलसंजीवनीची जागा मात्र घेत नाही. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली अथवा अंग तापून ते असंबद्ध बोलू लागले, तर विलंब न करता आरोग्य केंद्र गाठावे.

दाण्यांविषयी दोन गोष्टी राहिल्या. पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे वा फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकण्याचे भय असते. त्यांच्यासाठी दाण्यांचा कूट करून भाकरीच्या कुस्कऱ्यात किंवा लाडवात घालावा. तसेच सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे निवडून फेकून द्यावेत. त्यांत अफलाटॉक्सिन हे विष असण्याचा संभव असतो आणि ते भाजल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. दाणा कडू लागला तर मुलाने तो थुंकून टाकावा, गिळू नये, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

लाह्यांचा चिवडा करावयाचा तो मे महिन्यातच करून घ्यावा. मृगाची पहिली सर आली की हवेत ओल येते, डबा कितीही घट्ट लावला तरी लाह्या सादळतात, आणि तोवर शाळाही उघडलेली असते.